शासन निर्णयातला ‘बौध्द’ संगणकाला का सापडत नाही?

भूमिहीन शेतमजुराला स्वतःची जमीन मिळवून देणारी एक योजना महाराष्ट्रात २००४ पासून आहे. तिचे नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन, असे तिचे स्वरूप. सुरुवातीला जमिनीच्या किमतीची निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज होती. २०१८ मध्ये शासनाने कर्जाचा भाग काढून टाकला आणि संपूर्ण रक्कम अनुदान केली.

आता असे समजा की घाटंजी किंवा झरी-जामणी तालुक्यातला एक कार्यकर्ता या योजनेचा शासन निर्णय मोबाईलवर शोधतो आहे. त्याच्या हाती जुना कागद लागला तर तो समोरच्या कुटुंबाला सांगणार, अर्धे पैसे फेडावे लागतील. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून पोट भरणारा माणूस कर्ज म्हटले की हात जोडतो. अर्ज भरलाच जात नाही. नवा कागद हाती लागला असता तर हेच बोलणे वेगळे झाले असते. म्हणून शोधयंत्र हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा आहे असे मला वाटत नाही.

महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर टाकले जातात, ही मोठीच सोय आहे. प्रत्येक निर्णयाला एक लांबलचक संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. संकेतांक ठाऊक असेल तर कागद लगेच मिळतो. विभाग, तारीख किंवा शीर्षकातला शब्द टाकूनही शोधता येते. पण आपल्याला बहुतेक वेळा यातले काहीच ठाऊक नसते. आपला प्रश्न असा असतो: “विधवा बाईला या योजनेत प्राधान्य आहे का?” त्याचे उत्तर शीर्षकात नसते, ते तिसऱ्या पानावरच्या सातव्या मुद्द्यात असते. म्हणून निर्णयांच्या पूर्ण मजकुरात शोधणारी व्यवस्था हवी, आणि ती एखाद्या छोट्या संस्थेला किंवा चार-पाच कार्यकर्त्यांच्या गटाला स्वतः उभी करता येते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट आहे.

या सॉफ्टवेअरची दोन नावे ऐकायला मिळतात, इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च. दोघांच्या पोटात ल्युसीन नावाची एकच जुनी लायब्ररी आहे. ती डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिली. शे बॅनन यांनी तिच्यावर इलॅस्टिकसर्च उभारले आणि २०१० मध्ये बाहेर आणले. त्यांची पत्नी स्वयंपाकाचे शिक्षण घेत होती आणि तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी या दिशेने पहिले काम केले, असे ते सांगतात. पुढे २०२१ मध्ये कंपनीने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा अ‍ॅमेझॉनने जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनसर्च वेगळे काढले. २०२४ पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, आणि त्याच वर्षी इलॅस्टिकसर्चनेही पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. आपल्या कामापुरता दोघांत फार फरक नाही. विकिपीडियावरचा शोध, म्हणजे मराठी विकिपीडियाही त्यात आला, बरीच वर्षे इलॅस्टिकसर्चवरच चालला.

हे यंत्र शोधते कसे? जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते: शिष्यवृत्ती, पान ४०, ११२, २१५. यंत्र प्रत्येक कागद आत घेतानाच त्याचे शब्द सुटे करते आणि कोणता शब्द कोणत्या कागदात आहे याची वही तयार ठेवते. या वहीला इंडेक्स म्हणतात. आपण शब्द टाकला की ते कागद वाचत बसत नाही, वही उघडते. म्हणून लाखो पानांतूनही उत्तर क्षणात येते. पण यातच एक अट लपलेली आहे. वहीत शब्द ज्या रूपात लिहिला गेला, त्याच रूपात तो विचारला पाहिजे.

मराठीचे सगळे दुखणे इथे आहे.

आपल्या समाजाचेच नाव घ्या. ‘बौद्ध’ हा शब्द शासकीय कागदांत अनेकदा ‘बौध्द’ असा टाइप झालेला असतो, म्हणजे द आणि ध यांची जागा उलटलेली. ‘शुद्धिपत्रक’चे ‘शुध्दीपत्रक’ होते, ‘पद्धत’ची ‘पध्दत’ होते. आपल्या डोळ्याला फरक जाणवतही नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यात ‘नवबौद्ध’, ‘नव बौद्ध’, ‘नव-बौद्ध’ अशी तीन रूपे. योजनेच्या नावात कुठे ‘सबलीकरण’ आहे तर कुठे ‘सबळीकरण’. ‘भूमिहीन’ आणि ‘भुमिहीन’, ‘शेतमजूर’ आणि ‘शेतमजुर’. संकेतांकाचा उल्लेख करणाऱ्या ओळीतच तो कित्येकदा ‘संकेताक’ असा, अनुस्वार गाळून छापलेला असतो. काही चुका तर दिसतसुद्धा नाहीत. कुणी ‘अ’ला काना जोडून ‘आ’ तयार करतो, कुणी सरळ ‘आ’चे बटण दाबतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत अक्षरांचे क्रमांक वेगळे. ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा रही दोन-तीन प्रकारे टाइप होतो.

इलॅस्टिकसर्चसोबत तीसहून अधिक भाषांसाठी तयार विश्लेषक येतात. त्यांत हिंदी आहे, बंगाली आहे. मराठी नाही. कोट्यवधी लोकांच्या भाषेची ही गत! पण हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही, कारण सुटे भाग वापरून आपला विश्लेषक जुळवता येतो. इंडिक नॉर्मलायझेशन नावाची चाळणी ‘अ’ आणि काना यांचा ‘आ’ करते. हिंदी नॉर्मलायझेशन ह्रस्व-दीर्घ एक करते, अर्धा र सरळ करते आणि न दिसणारी जोडचिन्हे काढून टाकते. त्यामुळे ‘भूमिहीन’ आणि ‘भुमिहीन’ एका ओळीत येतात. आकड्यांसाठी वेगळी चाळणी आहे. ती देवनागरी आणि इंग्रजी अंक सारखे करते, म्हणजे २०१८ कोणत्याही अंकांत टाकला तरी चालतो. ‘ध्द’चा ‘द्ध’ मात्र यांपैकी कुणी करत नाही. ते आपल्यालाच सांगावे लागते. मजकूर सुटा होण्याआधी अक्षरे बदलणारी एक चाळणी असते, तिच्यात ‘ध्द’ दिसला की ‘द्ध’ कर, अशी एक ओळ लिहायची. ही एक ओळ लिहिली नाही, तर पडद्यावर ‘काही सापडले नाही’ असे येते आणि माणूस समजतो की निर्णयच निघालेला नाही.

याची किंमतही थोडी मोजावी लागते. ह्रस्व-दीर्घ एक केल्यावर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक उरत नाही. मला हा सौदा परवडतो. चार नको असलेले कागद वर आले तर आपण ते वगळू शकतो, न सापडलेला कागद मात्र आपल्याला कधी कळतच नाही.

विभक्तीचा प्रश्न अधिक चिवट आहे. योजना, योजनेचा, योजनांच्या, योजनेअंतर्गत, ही सगळी एकाच शब्दाची रूपे. हिंदीची शब्दमूळ काढणारी चाळणी मराठी सामान्यरूपाला लावली तर ती काहीही कापते. सोपा उपाय म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे तुकडेही वहीत नोंदवायचे, जेणेकरून ‘शिष्यवृत्ती’ टाकल्यावर ‘शिष्यवृत्तीसाठी’ही येईल. वही फुगते, पण चालते. तरी ‘योजना’ विचारल्यावर ‘योजनेचा’ यावा म्हणून शेवटचा स्वर वेगळा हाताळावा लागतोच. नेहमीच्या शंभर-दोनशे शब्दांची रूपे हाताने लिहून काढणे हे कंटाळवाणे पण खात्रीचे काम आहे. भाषेत गती असलेली बारावीची मुलगी ते एखाद्या अभियंत्यापेक्षा चांगले करील.

या सगळ्याच्या आधीचा अडथळा सांगायचा राहिला. युनिकोड रुळण्याआधी मराठी कागद सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये तयार होत. त्या फाइलमध्ये खरे तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, वरून त्यांना मराठी रूप दिलेले असते. मजकूर कॉपी करून पाहिला की नुसती अगम्य अक्षरे. बरेच निर्णय तर सहीशिक्क्यासह स्कॅन केलेली चित्रेच आहेत. अशा कागदांसाठी टेसरॅक्ट नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते चित्रातला मजकूर ओळखते आणि त्याला मराठी येते. स्वच्छ छपाई असेल तर काम बरे होते. फिकट झेरॉक्सवर जोडाक्षरे हुकतात. म्हणून ओळखलेल्या मजकुरासोबत मूळ फाइलचा दुवा ठेवायलाच हवा, आणि कार्यालयात दाखवायचा कागद नेहमी मूळच असला पाहिजे.

आता ‘वितरित’ म्हणजे काय ते पाहू. एका माणसाला झेपणार नाहीत इतके गठ्ठे असतील तर ते यवतमाळ, पुसद, वणी आणि दारव्हा इथल्या चार कार्यकर्त्यांत वाटून देता येतील. प्रत्येकाकडे आपला एक गठ्ठा आणि शिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी गठ्ठ्याची एक प्रत. प्रश्न आला की चौघे आपापल्या गठ्ठ्यात शोधतात, आपले सर्वांत चांगले दहा कागद पाठवतात आणि विचारणारा त्यातून अंतिम दहा निवडतो. वणीचा कार्यकर्ता आजारी पडला तर त्याची प्रत दारव्ह्याकडे आहेच. यंत्राच्या भाषेत गठ्ठा म्हणजे शार्ड, प्रत म्हणजे रेप्लिका, कार्यकर्ता म्हणजे नोड आणि चौघांचा गट म्हणजे क्लस्टर. गटाला एक प्रमुख लागतो आणि तो बहुमताने ठरतो. दोघेच असतील आणि त्यांचा फोन तुटला तर बहुमत होत नाही. म्हणून प्रमुख होऊ शकणारे नोड किमान तीन ठेवावेत, असा नियम आहे.

क्लस्टरची तब्येत तीन रंगांत दिसते. हिरवा म्हणजे सगळे गठ्ठे आणि सगळ्या प्रती जागेवर. पिवळा म्हणजे गठ्ठे आहेत, पण काही प्रती ठेवायला जागा मिळालेली नाही. लाल म्हणजे एखादा गठ्ठाच हाती नाही. एकाच संगणकावर यंत्र बसवले की इंडेक्स तयार होताच ते बहुधा पिवळे दिसते आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरण्यासारखे काही नसते. इंडेक्सला मुळातच एक प्रत ठेवायला सांगितलेले असते आणि प्रत त्याच संगणकावर ठेवण्यात अर्थ नसल्याने यंत्र ती ठेवत नाही. प्रतींची संख्या शून्य केली की रंग हिरवा होतो.

खरे सांगायचे तर जिल्हा पातळीवरच्या कामाला क्लस्टरची गरजच नसते. एक शार्ड दहा ते पन्नास जीबीपर्यंत आरामात जातो. सामाजिक न्याय, आदिवासी विकास, महसूल आणि ग्रामविकास विभागांचे आपल्या कामाचे निर्णय मजकूर म्हणून एकत्र केले तरी ते एका शार्डच्या कोपऱ्यात मावतील. आठ जीबी रॅमचा एक वापरलेला संगणक पुरतो. रॅमच्या निम्म्याहून अधिक वाटा यंत्राच्या हीपला देऊ नये, उरलेली मेमरी फाइल वाचायला लागते. डिस्ककडे लक्ष ठेवावे. ती ८५ टक्के भरली की यंत्र तिच्यावर नवे शार्ड ठेवणे थांबवते आणि ९५ टक्क्यांवर इंडेक्सला कुलूप लावते, मग नवा कागद आत जात नाही. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कशी असते ते सांगायला नको, तेव्हा यूपीएसचा खर्च आधीच धरावा.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. चुकून इंडेक्स पुसला की प्रतीतूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. बॅकअपसाठी स्नॅपशॉट नावाची वेगळी सोय आहे. तो दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि वर्षातून एकदोनदा प्रत्यक्ष उघडून पाहावा.

कागद आत घालण्याआधी रकाने ठरवावे लागतात. विभाग, दिनांक, जिल्हा, तालुका, विषय, मजकूर. यातला मजकूर सुटा व्हायला हवा, म्हणून त्याचा प्रकार टेक्स्ट. जिल्हा, तालुका अखंड राहायला हवेत, म्हणून त्यांचा प्रकार कीवर्ड. एकदा ठरवलेला प्रकार नंतर बदलत नाही, नवा इंडेक्स करून सगळे पुन्हा भरावे लागते. जिल्ह्याचा रकाना अनावश्यक वाटेल, पण तो अत्यावश्यक आहे. आपली वणी वेगळी आणि नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगीची वणी वेगळी. कळंब आपल्याकडे आहे तसे धाराशिव जिल्ह्यातही आहे. केळापूर तालुक्याला लोक पांढरकवडा म्हणतात, आणि जुन्या कागदांत खुद्द यवतमाळ ‘येवतमाळ’ असते.

शोधाचे निकाल कोणत्या क्रमाने येतात, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. विचारलेला शब्द कागदात किती वेळा आला, तो एकूण किती दुर्मीळ आहे आणि कागद किती लांब आहे यावरून यंत्र गुण देते. कोणता कागद आज लागू आहे, हे त्याला कळत नाही. २००४ च्या मूळ निर्णयात योजनेचे नाव पुन्हा पुन्हा येते, एखाद्या शुद्धिपत्रकात एकदाच येते. म्हणजे जुना निर्णय वर आणि त्याला बदलणारा खाली, असे सहज होऊ शकते. यावर उपाय दोन. तारखेला गुणांमध्ये वजन द्यायचे, आणि कोणत्या निर्णयाने कोणता निर्णय बदलला याचा एक रकाना ठेवायचा. हा दुसरा रकाना यंत्र भरत नाही. प्रत्येक निर्णयाच्या डोक्यावर ‘वाचा’ म्हणून संदर्भांची यादी असते, ती वाचून माणसानेच तो भरायचा असतो. या सगळ्या कामात सर्वांत मौल्यवान रकाना कोणता असे विचारले तर मी हाच सांगेन.

हे यंत्र मोजणीही करते. एखाद्या विषयावर दरवर्षी किती निर्णय निघाले, निधी वितरणाच्या आदेशांत सोळापैकी कोणत्या तालुक्याचे नाव किती वेळा आले, हे दोन ओळींच्या विचारणेत समोर येते. निवेदन तयार करताना हे फार उपयोगी पडते. पण समाजशास्त्राची विद्यार्थी म्हणून इथे थोडे थांबवावेसे वाटते. निर्णयांची संख्या म्हणजे अंमलबजावणी नव्हे. दुसरे, अनेक शार्ड असतील तर ‘सर्वाधिक’ची यादी अंदाजे असते. चारही कार्यकर्ते आपापले पहिले काही तालुके पाठवतात आणि प्रत्येकाच्या गठ्ठ्यात थोडा खाली राहिलेला तालुका एकूण बेरजेत मात्र वर असू शकतो. चूक किती असू शकते याचा आकडा यंत्र उत्तरासोबतच देते, तो वाचायची सवय हवी. एकाच शार्डवर ही अडचण येत नाही.

काय आत घालू नये, हेही ठरवले पाहिजे. शासन निर्णय सार्वजनिक आहेत. अर्जदारांची नावे, जात प्रमाणपत्रे, बँक खाती, अत्याचारग्रस्त कुटुंबांचे जबाब हे सार्वजनिक नाहीत आणि ते या यंत्रात टाकू नयेत. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा तर आहेच. पण कायदा नसता तरी एखाद्या गावात तक्रार करणाऱ्या बाईचे नाव बाहेर फुटल्यावर तिच्यावर काय ओढवते, हे आपल्याला नव्याने शिकायचे नाही. जुन्या इलॅस्टिकसर्चला बसवल्याबरोबर पासवर्ड नसे आणि जगभर हजारो यंत्रे इंटरनेटवर उघडी पडून होती. जुलै २०२० मध्ये अशा उघड्या यंत्रांवरची माहिती कुणीतरी आपोआप पुसत सुटले. मागे फक्त ‘म्याऊ’ एवढा शब्द राहत होता. २०२२ मधल्या आठव्या आवृत्तीपासून सुरक्षा आपोआप चालू असते, ओपनसर्चमध्येही ती सोबत येते. “फार कटकट होते” म्हणून ती बंद करणारे लोक भेटतात. त्यांच्या हाती यंत्र देऊ नये.

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवावेत आणि शक्य तेवढे संगणकीकृत करावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आपण जे करू पाहतो ते मुळात शासनाचेच काम आहे. ते मागत राहिले पाहिजे, आणि तोवर आपली वही आपण भरत राहिले पाहिजे.

राहता राहिली समानार्थी शब्दांची यादी. ती शोधाच्या वेळी लागू करावी, म्हणजे तिच्यात भर घालताना सगळा इंडेक्स नव्याने करावा लागत नाही. ‘अ.जा.’, ‘अजा’ आणि ‘अनुसूचित जाती’ खुशाल एक करावेत. ‘नवबौद्ध’ आणि ‘अनुसूचित जाती’ मात्र डोळे झाकून एक करू नयेत. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने. त्याआधीच्या कागदांत हे दोन शब्द वेगवेगळे उभे आहेत, आणि जुन्या प्रमाणपत्रांच्या प्रकरणांत नेमका तोच फरक लागतो.

ही यादी गावात बसून केली तर जास्त चांगली होते. भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याबाबतचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आजही वस्त्यावस्त्यांतून विचारला जातो. विचारणारा मात्र या शब्दांत विचारत नाही. वऱ्हाडात गायरानाला ‘ई क्लास’ म्हणतात. म्हातारा माणूस विचारतो, “ई क्लासचा पट्टा भेटते का बापू?” तेव्हा यादीतल्या एका ओळीत ‘ई क्लास’, ‘ई-वर्ग’, ‘गायरान’, ‘गुरचरण’ आणि दुसऱ्या ओळीत ‘पट्टा’, ‘अतिक्रमण नियमानुकूल’ असे शब्द शेजारी शेजारी लिहायचे. आपल्या तालुक्यात आणखी काय म्हणतात ते विचारून त्यात जोडायचे.